पॅरलल पार्किंग: गाडी मागे घेण्याआधी ती कुठे उभी करायची

शिकणाऱ्याला वाटतं, पॅरलल पार्किंग म्हणजे स्टिअरिंगची करामत. खरं तर गाडी कशी लागणार हे बहुतेक वेळा रिव्हर्स टाकण्याआधीच ठरून जातं. पुढच्या गाडीशेजारी किती अंतरावर उभे राहिलात, तिच्या किती पुढे किंवा मागे थांबलात, आणि गाडी सरळ होती की तिरकी, यावर सगळं आलं. ही सुरुवात नेमकी जमली की उरतात स्टिअरिंगच्या तीन हालचाली: पूर्ण डावीकडे, सरळ, पूर्ण उजवीकडे. सुरुवात चुकली तर मुरलेल्या ड्रायव्हरलाही पुढेमागे करत बसावं लागतं.

इथली सगळी मापं लहान हॅचबॅकची आहेत. वॅगन आर डोळ्यांसमोर ठेवा: लांबी ३.६५ मीटर, रुंदी १.६२ मीटर, वळणाची त्रिज्या ४.७ मीटर. मोठ्या गाडीला जागा जास्त लागेल, खुणा थोड्या सरकतील, पण क्रम हाच. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, फूटपाथला लागून लावायची आहे असं धरलं आहे.

जागा किती हवी

पूर्ण स्टिअरिंग फिरवून एका दमात आत शिरायचं तर वॅगन आरएवढ्या गाडीला स्वतःच्या लांबीपेक्षा किमान सव्वा ते दीड मीटर जास्त जागा लागते. हे झालं कागदावरचं गणित, त्यात चुकायला जागाच नाही. शिकताना ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट जागा घ्या. माणसाची आठ मोठी पावलं धरा. सलग दहा वेळा गाडी नीट लागली की खुणा फूटभर जवळ आणा. साडेपाच मीटरमध्ये जमायला लागलं की बाजारातल्या रस्त्यावर जायला हरकत नाही.

सराव कुणाच्या गाड्यांमध्ये करू नका. रविवारी सकाळी रिकामा, सपाट, फूटपाथ असलेला रस्ता शोधा. तीन जुन्या बादल्यांत वाळू भरून प्रत्येकीत झाडूचा किंवा मॉपचा दांडा उभा रोवा. नुसती बादली ठेवली तर मागच्या काचेतून ती दिसतच नाही, आणि आपटल्याशिवाय कळतही नाही. दांडा किमान चार फूट उंच असावा, टोकाला रंगीत फडकं बांधावं. एक दांडा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याच्या जागी, फूटपाथच्या कडेपासून सहा फुटांवर. दुसरा तिथून ६ मीटर मागे, तेवढ्याच अंतरावर: ही मागच्या गाडीची पुढची बाजू. तिसरा पहिल्याच्या साडेतीन मीटर पुढे, म्हणजे पुढच्या गाडीला समांतर कसं उभं राहायचं ते कळेल.

गाडीत बसल्यावर

आरसे आधी. डावा आरसा नेहमीपेक्षा थोडा खाली झुकवा. त्यात मागच्या डाव्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आणि फूटपाथची कड, दोन्ही दिसली पाहिजेत. संपूर्ण पार्किंगमध्ये सर्वांत जास्त माहिती हाच आरसा देतो. गाडी लागल्यावर तो परत वर करायला विसरू नका, नाहीतर रस्त्यावर डावीकडून येणारी दुचाकी दिसणार नाही. मागच्या काचेसमोरची उशी, पिशव्या, टांगलेलं खेळणं काढून टाका.

दुसरी गोष्ट वेग. गाडी माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू सरकली पाहिजे. मॅन्युअल गाडीत सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावायची गरज सहसा पडत नाही. क्लच हळूहळू सोडत जा. गाडी किंचित थरथरते आणि सरकायला लागते, तिथेच पाय धरा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा. वेग वाढतोय असं वाटलं की क्लच केसभर दाबा. हे जमत नसेल तर पार्किंगचा नाद काही दिवस बाजूला ठेवून मोकळ्या जागेत फक्त गाडी मागे रांगवण्याचा सराव करा. पाय थरथरत असताना हात आणि डोळे कामाला लागत नाहीत. हाफ क्लचवर मिनिटामागून मिनिटं खेळत राहिलात तर क्लच प्लेट तापून जळका वास येतो. तसा वास आला की गाडी न्यूट्रलला टाकून थोडा वेळ थांबा.

ऑटोमॅटिकमध्ये हे सोपं आहे: ब्रेक हलका सोडला की गाडी आपोआप सरकते. मात्र पाय कायम ब्रेकवरच हवा.

पहिली जागा

डावा इंडिकेटर लवकर लावा, रिकाम्या जागेच्या पुढे जा आणि पुढच्या गाडीशेजारी थांबा. मधलं अंतर दोन फूट, फार तर अडीच. दोन फुटांपेक्षा जवळ गेलात तर पुढे तुमच्या डाव्या बाजूला त्या गाडीचा कोपरा लागण्याची भीती. चार फूट लांब राहिलात तर आत शिरायला कोनच पुरत नाही आणि गाडी फूटपाथपासून हातभर दूर राहते.

आता पुढे-मागे कुठे थांबायचं ते. तुमचा मागचा बंपर पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या फूटभर मागे हवा. पुढची गाडी साधारण तुमच्याच आकाराची असेल तर खूण सोपी आहे: तुमचा डावा खांदा तिच्या मधल्या खांबाच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या रेषेत आला की थांबा. गाडी मोठी किंवा लहान असेल तर ही खूण फसते. त्यासाठी सरावाच्या दिवशी एकदा खाली उतरून नेमकं अंतर बघा, परत सीटवर बसा, डाव्या खांद्यावरून मागे पाहा, आणि पहिला दांडा मागच्या डाव्या काचेत जिथे दिसतो तिथे रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा. पुढे समोर कोणतीही गाडी असो, तिची शेपटी त्या पट्टीपाशी दिसली की तुमची जागा बरोबर. प्रत्येकाची उंची आणि सीटची ठेवण वेगळी असते, म्हणून ही पट्टी ज्याची त्याने लावायची.

थांबल्यावर गाडी समांतर आहे का बघा. तिरकं थांबून सुरू केलेलं पार्किंग सुधारत बसण्यापेक्षा पुढे जाऊन पुन्हा उभं राहिलेलं बरं.

आत शिरणं

रिव्हर्स गिअर टाका आणि सरकण्याआधी चहूकडे बघा. उजव्या खांद्यावरून विशेषतः. कारण स्टिअरिंग डावीकडे फिरवून मागे जाताना गाडीचं नाक उजवीकडे, रस्त्यात बाहेर येतं, आणि ते थोडंथोडकं नाही, जवळजवळ तीन फूट. शिकणाऱ्याचं सगळं लक्ष मागे असतं आणि बाजूने जाणारा स्कूटरवाला नेमका त्या तीन फुटांतून जात असतो. वाहन येत असेल तर थांबा, जाऊ द्या. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून घाई करू नका. रिव्हर्सचे पांढरे दिवे आणि इंडिकेटर बघून समजणारा समजतो.

गाडी रांगायला लागली की लगेच स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. बहुतेक गाड्यांत मध्यापासून टोकापर्यंत दीड ते पावणेदोन फेऱ्या होतात. पहिल्या आठवड्यात गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं तरी चालेल, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट सांभाळावी लागेल. पण तीच सवय लावून घेऊ नका. उभ्या गाडीत चाकं वळवली की टायर डांबरावर घासतात आणि स्टिअरिंगवर विनाकारण ताण येतो.

आता नजर उजव्या आरशावर. सुरुवातीला त्यात फक्त रस्ता दिसतो. गाडी वळत गेली की मागे उभ्या असलेल्या गाडीचा रस्त्याकडचा दिवा आरशात येतो, मग नंबर प्लेट, आणि मग फूटपाथकडचा दिवा तुमच्या गाडीच्या पत्र्याला चिकटून उगवतो. तो दिवा पूर्ण दिसला की थांबा. तुमची गाडी आता फूटपाथशी सुमारे ४० अंशांत आहे. या खुणेसाठी मागे गाडी हवी. नसेल तर सरावात ४० अंश कसे दिसतात ते एकदा बाहेर उभं राहून डोळ्यात साठवून घ्या. काटकोनाच्या निम्म्याहून थोडं कमी.

स्टिअरिंग सरळ करा. जेवढं डावीकडे फिरवलं तेवढंच, मोजून दीड-पावणेदोन फेऱ्या परत. इथे अर्धी फेरी विसरण्याची चूक फार होते, आणि मग ‘सरळ मागे जातोय’ असं वाटत असताना गाडी आणखी तिरकी होत जाते. शंका आली तर दोन इंच सरकून बघा: मागच्या काचेतून दिसणारं दृश्य बाजूला सरकत असेल तर चाकं अजून वळलेली आहेत.

सरळ जायचं अंतर फक्त मीटरभर आहे. तीन फूट.

इथेच बहुतेकांची गाडी फसते

सरळ मागे जाताना फूटपाथ अजून लांब दिसतो, म्हणून शिकणारा आणखी मागे जातो. मग उजवीकडे स्टिअरिंग फिरवतो तेव्हा मागचं चाक धाडकन कडेवर आपटतं, आणि नाक मात्र रस्त्यातच राहतं. कारण समजून घ्या. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवल्यावरही गाडीचा मागचा भाग फूटपाथकडेच सरकत राहतो. गाडी सरळ होईपर्यंत मागचं डावं चाक आणखी मीटरभर आत जातं. ते अंतर आधीच शिल्लक ठेवावं लागतं.

म्हणून डाव्या आरशात मागचं चाक आणि फूटपाथची कड यांच्यात साधारण चार फूट अंतर असतानाच उजवीकडे फिरवायला लागा. पहिल्यांदा हे अंतर फारच जास्त वाटतं. विश्वास ठेवा आणि दांड्यांमध्ये करून बघा. याच क्षणी डावीकडे बघितलंत तर पुढच्या गाडीचा मागचा बंपर तुमच्या बॉनेटच्या डाव्या टोकाशी, हेडलाइट आणि पुढचं चाक यांच्या दरम्यान दिसायला हवा. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तर सगळं ठीक. बंपर दारापाशीच असेल तर अजून थोडं सरळ मागे जायचं आहे. तुमचं नाक त्या बंपरच्या केव्हाच मागे गेलं असेल तर उशीर झाला आहे.

आता स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, आणि आधीपेक्षाही हळू. नजर तीन जागी फिरती ठेवा: डावं नाक पुढच्या गाडीच्या कोपऱ्यापासून सुटतंय का, डाव्या आरशात चाक आणि कड, आणि मागच्या काचेत मागची गाडी. नाक आत येताना पुढच्या गाडीच्या कोपऱ्याजवळून जातं, वीतभर तरी मोकळं हवं. सुटत नाही असं दिसलं तर स्टिअरिंगशी झटापट नको. थांबा, पुढे जा, पहिल्या जागेवरून पुन्हा सुरू करा.

गाडी फूटपाथला समांतर झाली की थांबा. मापं बरोबर असतील तर मागे दोन-अडीच फूट आणि पुढे पाच फूट जागा उरेल. स्टिअरिंग सरळ करून फूट-दीड फूट पुढे या, म्हणजे दोन्ही गाड्यांना निघायला सारखी जागा राहील. पुढच्या गाडीवाल्याला डिकी उघडायची असते, हेही लक्षात असू द्या. फूटपाथपासून अंतर अर्धा ते एक फूट असावं. त्याहून जवळ गेलात तर टायरची बाजू आणि रिम घासते. जास्त लांब राहिलात तर तुमचाच आरसा कुणी उडवून नेईल.

चुकलं तर काय चुकलं

गाडी समांतर आहे पण फूटपाथपासून दोन-अडीच फूट लांब: उजवीकडे लवकर फिरवलं, किंवा पहिला कोन ३० अंशांच्या आतच राहिला. जागच्या जागी पुढेमागे करून गाडी दरवेळी फार तर काही इंच आत जाते. बाहेर काढून पुन्हा लावणं लवकर होतं.

मागचं चाक कडेला टेकलं, नाक बाहेर: उजवीकडे उशिरा फिरवलं, किंवा कोन फार झाला. ॲक्सिलरेटर दाबून चाक कडेवर चढवू नका, टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो आणि तो टायर बदलावाच लागतो. पुढे जागा असेल तर स्टिअरिंग डावीकडे ठेवून थोडं पुढे या, नाक आत येईल. मग सरळ मागे.

नाक पुढच्या गाडीला लागायला आलं: पहिल्या जागी फार पुढे थांबला होतात. पुढच्या वेळी फूटभर मागे थांबा.

सेन्सर, कॅमेरा आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’

जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते मागच्या गाडीचं अंतर चांगलं सांगतात. पण फूटपाथची बुटकी कड, बारीक खांब, तारेचं कुंपण, उघडं गटार आणि झाकण नसलेलं चेंबर यांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका. कॅमेऱ्यावरच्या रंगीत रेषा काही गाड्यांत स्टिअरिंगबरोबर वळतात, काहींत कायम सरळच राहतात. आपल्या गाडीत कोणत्या आहेत ते आधी पाहून घ्या. पावसात कॅमेऱ्यावर थेंब आणि चिखल बसतो, रुमालाने पुसून घ्या. आरशांवर शिकून मग कॅमेरा वापरणारा कुणाचीही गाडी लावू शकतो, उलट शिकलेल्याला नुसत्या आरशांवर लावणं जड जातं.

आपल्याकडे गाडी मागे घेताना कुणीतरी मदतीला येतंच. वॉचमन, पानवाला, सोबतचे काका. त्यांची मदत घ्या, पण आधी एवढं ठरवा: त्यांनी तुमच्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं, दोन गाड्यांच्या मधोमध कधीच नाही, आणि थांबायची खूण एकच, पत्र्यावर थाप किंवा हात वर. ‘येऊ द्या, येऊ द्या’ आणि ‘बस’ यांच्यात अनेकदा निम्म्या सेकंदाचंच अंतर असतं. मदतनीस आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवा.

लहान मुलं आणि गाडीखाली झोपलेली कुत्री यांच्यासाठी गाडीत बसण्याआधीच एक फेरी मारा. आरशात ती दिसत नाहीत.

कुठे लावायची

जागा मिळाली म्हणजे ती लावण्यासारखी असेलच असं नाही. चौकाच्या तोंडाशी, झेब्रा क्रॉसिंगजवळ, बसथांब्यावर, शाळा किंवा दवाखान्याच्या दारात, कुणाच्या गेटसमोर गाडी लावायची नाही. पुण्यात अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ चे फलक असतात: एका बाजूला विषम तारखेला पार्किंग, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. रात्री लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर चुकीच्या बाजूची होते, हे नवख्यांना सकाळी गाडी उचलून नेल्यावर कळतं. ३१ तारीख आणि १ तारीख दोन्ही विषम, म्हणजे महिन्याच्या त्या सांध्यावर बाजू बदलत नाही.

पावसाळ्यात डबक्यात गाडी लावू नका, खाली काय आहे ते दिसत नाही. जुन्या गुलमोहराच्या फांद्या जून-जुलैच्या वाऱ्यात सहज मोडतात, त्याखालची सावली त्या दिवसांत नको.

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या चढउतारावर चाकांची दिशा महत्त्वाची. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं डावीकडे, फूटपाथकडे वळवून ठेवा, आणि रिव्हर्स गिअर टाका. तोंड चढाकडे असेल आणि कड असेल तर चाकं उजवीकडे वळवा, पहिला गिअर टाका. ब्रेक सुटलाच तर टायरची मागची बाजू कडेला टेकून गाडी थांबेल. कड नसेल तर दोन्ही वेळा चाकं डावीकडे. हँडब्रेक आधी ओढा. ऑटोमॅटिकमध्येही हँडब्रेक आधी, ‘पी’ नंतर, नाहीतर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं.

उतरताना आणि निघताना

ड्रायव्हरचं दार रस्त्याकडे उघडतं. ते डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दाराकडे नेताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते, येणारी दुचाकी दिसते. बाकीच्यांना फूटपाथच्या बाजूनेच उतरू द्या.

निघताना घाईने पुढे घुसू नका. आधी मागे जागा असेल तेवढं सरळ मागे या, मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, उजवा इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर, आणि क्लचवर रांगत पुढे. डावं नाक पुढच्या गाडीच्या कोपऱ्यापासून सुटत नसेल तर थांबा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून मागे या, आणि पुन्हा उजवीकडे. नाक सुटलं तरी स्टिअरिंग एकदम सरळ करू नका. तुमची डावी मागची बाजू पुढच्या गाडीच्या कोपऱ्यावरून जायची अजून बाकी असते. ती डाव्या आरशात सुटलेली दिसली की मग लेनमध्ये या.